झाकणावरचं लेबल

तीर्थरूप आजोबा,

तुमच्या नातीचा कमरेतून वाकून नमस्कार. (खरोखर वाकले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, आणि उठताना टेबलाचा कोपरा डोक्याला लागला. पण न करता नुसता लिहिलेला नमस्कार तुम्हाला पाठवणं मला जमत नाही.) तुमचा उजवा गुडघा काय म्हणतो? डावा काही बोलत नसेल तर त्याच्याकडे लक्ष असू द्या, तो आतल्या गाठीचा आहे. नवी कवळी बसते का, की अजून फोन आला की ती वाटीत काढून ठेवता? गेल्या वेळी तुम्ही 'सावकाश जेव' म्हणालात की 'सावकाश ये', ते मला कळलं नाही, म्हणून मी दोन्ही करते आहे. आत्याला सांगा की तिने विणलेले मोजे होतात. (एक होतो. दुसराही होईल.) माझी प्रकृती चांगली आहे. वजन एक किलोने घटलं असं लिहिणार होते, पण मागच्या वेळी मी बुटांसकट काट्यावर उभी होते, तेव्हा तो किलो बुटांच्या नावावर धरावा. पत्राला कारण आहे, पण ते पहिल्या पानावर मावणारं नाही. कडू औषध द्यायचं तर आधी माणसाला बसवावं, हे तुमचंच सांगणं, तेव्हा बसा. आत्या हे मोठ्याने वाचून दाखवत असेल तर तिनेही बसावं.

मी इथे काय करते ते एकदा नीट सांगते, कारण आत्याने शेजारच्या काकूंना सांगितलं आहे की मी संकुलं बांधते, आणि काकूंनी त्यांच्या भावासाठी एखादा गाळा मिळेल का अशी चौकशी केली आहे. चूक माझी. मीच फोनवर 'संकुल' म्हणाले. आमच्या शास्त्रात धातूचा एक अणू मध्ये आणि त्याला चहूबाजूंनी धरून बसलेले दुसरे रेणू, या सगळ्या गोतावळ्याला संकुल म्हणतात, आणि धरून बसणाऱ्यांना लिगंड. लोखंड, तांबं असे भारदस्त धातू असले की लिगंड घट्ट चिकटून राहतात. माझ्या वाट्याला आले आहेत सोडियम, पोटॅशियम आणि त्यांची भावंडं. ही मंडळी तेलात बुडवून ठेवावी लागतात, सुरीने लोण्यासारखी कापली जातात, पाणी दिसलं की पेट घेतात, आणि कुणालाही फार काळ धरून ठेवत नाहीत. त्यांच्याभोवती मी जे लिगंड बसवते त्यांच्या अंगाखांद्यावर फ्लोरिनचे अणू असतात. फ्लोरिन म्हणजे कार्बनशी एकदा संसार थाटला की पुन्हा दाराबाहेर पाऊल न टाकणारा गृहस्थ. पण शेजारी पोटॅशियम राहायला आला की तो किंचित कलतो. हात धरत नाही, नुसता जवळ बसतो. त्याला बंध म्हणावं की नाही यावर मोठमोठ्या माणसांची भांडणं आहेत. मोजलं तर अंतर मात्र कमी भरतं. (तुम्ही रोज संध्याकाळी शिंपीकाकांच्या दुकानात जाऊन तासभर काही न बोलता बसता, तसं. हे उदाहरण मी अजून कुठल्या परिसंवादात दिलेलं नाही.)

शिंपीकाकांवरून आठवलं, कोट. तुम्ही त्यांच्याकडून शिवून पाठवलेला पांढरा कोट मी रोज घालते. डावी बाही उजवीपेक्षा चार बोटं लांब आहे, खिसे एकमेकींशी न बोलणाऱ्या जावांसारखे वरखाली आहेत, आणि तिसऱ्या काजासमोर बटणच नाही. प्रयोगशाळेत मला 'दीडबाही' म्हणतात. मला राग येत नाही, कारण आपल्या घरात सरळ कॉलर कुणाच्याच नशिबी नाही. बढतीच्या वेळच्या फोटोत बाबा मान वाकडी करून उभे आहेत असं पाहुण्यांना वाटतं. मान सरळ आहे, कोट वाकडा आहे. शाळेत जायला लागले तेव्हा मी हट्ट केला होता की माझा फ्रॉक दुसऱ्या शिंप्याकडे टाका, मुली हसतात. तुम्ही कधी नव्हे ते माझ्यावर रागावलात आणि म्हणालात, या घराचे कपडे तिथेच शिवायचे. मग मुलींनी फ्रॉकला हसण्याआधी आपणच त्यांना हसवावं म्हणून मी एक डोळा मिटून सुईत दोरा ओवायची नक्कल करायला लागले. (हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नक्कल चांगली व्हायची, हेही सांगायला हवं.) त्यांचा डावा डोळा तुमच्या हातून बदललेल्या मलमाने गेला आणि म्हणून तुम्ही दवाखान्यातली कंपाउंडरकी सोडलीत, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. गल्ली म्हणायची, म्हाताऱ्याची नजर चुकली. मीही तेच म्हणायची.

नऊ वर्षांची होईपर्यंत छातीच्या दुखण्यामुळे मी शाळेत गेले नाही, तुमच्या टेबलावरच शिकले, याचा इथे मला रोज उपयोग होतो आणि रोज त्रासही. अक्षर लेबलांवर गिरवलं, अपूर्णांक तराजूवर शिकले, वाचन बाटल्यांवर. मी आयुष्यात पहिलं अख्खं वाचलेलं वाक्य 'घेण्यापूर्वी चांगले हलवावे' हे होतं. काय हलवावे ते लिहिलेलं नसल्यामुळे मी बरेच दिवस दूध पिण्याआधी स्वतः हलून घेत असे. तुमचे नियम अजून पाठ आहेत. लेबल आधी, औषध नंतर. दोन डब्या एका वेळी उघडायच्या नाहीत. दिसलं तेच लिहायचं. आणि चौथा, जो सगळ्यात शेवटी आला: लेबल अंगाला लावायचं, झाकणाला नाही. इथे आल्यावर यातले दोन मी मोडले. कसे ते आता सांगते.

आमचे सर, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी काम करते ते, या वर्षाअखेर निवृत्त होतात. तीस वर्षं त्यांचं एक म्हणणं आहे. लिगंडवर पुरेसे फ्लोरिन असले तर सोडियमचं संकुल तापवल्यावर न मोडता अख्खंच्या अख्खं वाफ होऊन उडेल. पोटॅशियमचं मात्र जागेवर करपेल, कारण पोटॅशियमचं अंग मोठं, त्याला झाकायला लिगंड पुरायचे नाहीत. (एका पांघरुणात लहान मूल मावतं, मोठ्याचे पाय बाहेर राहतात, असं ते समजावतात आणि समजावताना स्वतःचे पाय टेबलाखाली ओढून घेतात.) हे आजवर कुणाला करून दाखवता आलं नव्हतं. मी दोन्ही संकुलं केली. त्यांना हवा लागली तर ती बिघडतात, म्हणून सगळं एका बंद पेटीत करायचं. पेटीला समोर काच, आणि काचेतून आत गेलेले खांद्यापर्यंतचे दोन जाड रबरी हातमोजे. त्यांत हात घालून काम करणं म्हणजे रजई पांघरून बटण लावणं. तरी झालं. दोन पांढरी चूर्णं, जुळ्यांच्या आईनेही फसावं इतकी सारखी, दोन छोट्या बाटल्यांत. लेबलं मी आधीच लावली होती. पण पेटीत बाटल्या खाचांमध्ये उभ्या असतात आणि आपल्याला वरूनच दिसतात, म्हणून तिथे सगळेच लेबल झाकणावर लावतात, आणि मीही लावलं. मग कुठलं जास्त पांढरं ते बघायला मी दोन्ही बाटल्या एकदम उघडल्या. कुठलंच जास्त नव्हतं. झाकणं परत लावली.

पुढे 'सोडियम' लिहिलेल्या बाटलीतलं चूर्ण काचेच्या नळीत घालून तापवलं, आणि काय सांगू, ते तळातून नाहीसं झालं आणि वरच्या गार भागावर पांढरंशुभ्र हिम होऊन बसलं. 'पोटॅशियम' उतू गेलेल्या दुधासारखं तळाला काळं पडलं. सर धावत आले. (सर धावत नाहीत, नेहमीपेक्षा भरभर चालत आले.) नळीकडे बघत ते इतका वेळ उभे राहिले की मला वाटलं काहीतरी चुकलंय, आणि मी माफीही मागून टाकली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग अवघडून तो उचलून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तीस वर्षं झाली गं." निवृत्तीआधीचं त्यांचं व्याख्यान याच विषयावर ठरलं. निमंत्रणं गेली.

उडालेलं संकुल आतून कसं आहे, कोण कुणाशेजारी बसलं आहे, हे बघायचं तर त्याचा एक स्फटिक लागतो. स्फटिक वाढवायची रीत सोपी आहे: चूर्ण द्रवात विरघळवायचं, बाटली फ्रीजमध्ये ठेवायची आणि तिच्याकडे बघायचं नाही. यातलं शेवटचं मला जमत नाही. सव्वीस दिवसांत मी एकशे चार वेळा बघितलं. मग एक आला: स्वच्छ, एकसंध, साखरेच्या दाण्याच्या निम्म्याने. आनंदाच्या भरात मी आत्याला निरोप पाठवला, 'एक चांगला मिळाला, निर्दोष आहे, सरांनाही पसंत पडला', आणि त्याचे घरात काय परिणाम झाले ते तुम्ही पाहिलेच आहेत. मी आत्याची माफी मागितली आहे. त्याला नोकरी नाही हेही कळवलं आहे.

स्फटिकावर क्ष-किरण टाकून अणूंच्या जागा काढणारं यंत्र तळघरात आहे, आणि ते चालवणाऱ्या बाईंना आम्ही यंत्रबाई म्हणतो. त्या दिवसाला सात-आठ वाक्यं बोलतात. स्फटिक दिल्याच्या दुसऱ्या दुपारी त्यांनी मला बोलावलं. पडद्यावर माझं संकुल होतं. फार सुरेख होतं, आजोबा. मध्ये धातू, त्याला धरलेले लिगंड, आणि त्यांच्यावरचे सहा फ्लोरिन आत कलून धातूजवळ बसलेले, कुणाचं दुखणं विचारायला यावं तसे. बाई म्हणाल्या, "हा सोडियम नाही." मी म्हणाले, लेबल सोडियमचं आहे. "असेल," त्या म्हणाल्या. "यंत्राला वाचता येत नाही." सोडियमपाशी अकरा इलेक्ट्रॉन असतात, पोटॅशियमपाशी एकोणीस, यंत्राच्या हिशेबात एकोणीस भरत होते. शेजाऱ्यांची अंतरंही पोटॅशियमचीच होती. बाईंनी माझ्याकडे पाहून खुर्ची पुढे केली. मग म्हणाल्या की स्फटिक खराब निघाला असं त्या लिहू शकतात. खराब स्फटिकाची कुणी चौकशी करत नाही, आणि व्याख्यानाला आठच दिवस आहेत. त्या दिवसाची त्यांची सगळी वाक्यं माझ्यावरच खर्च झाली असावीत.

मी खुर्ची परत जागेवर सरकवली. वर येऊन दोन्ही बाटल्यांत उरलेली चिमूट चिमूट तारेवर घेतली आणि ज्योतीत धरली, तुम्ही स्पिरिटच्या दिव्यावर मीठ धरायला शिकवलं होतं तशी. सोडियमची ज्योत पिवळी, पोटॅशियमची जांभळट. 'पोटॅशियम' पिवळं जळलं, 'सोडियम' जांभळट. (घामाचं बोट लागलं तरी ज्योत पिवळी होते, म्हणून हात धुऊन, नवी तार घेऊन, पिवळं अडवणाऱ्या निळ्या काचेतूनही बघून, पाच वेळा.) झाकणं बदलली होती. मला सगळ्यात आधी काय सुचलं तेही सांगते, कारण ते चांगलं नव्हतं. मला कोटाची डावी बाही सुचली. बाही लांब, कुठेतरी अडकली, झाकणं घरंगळली. सगळ्यांना पटलं असतं, दीडबाहीची आणखी एक गंमत म्हणून लोक हसलेही असते, आणि दोष घरी शिंपीकाकांच्या सुईपर्यंत जाऊन थांबला असता. पण पेटीच्या आत कोटाची बाही जातच नाही. आत असतात ते फक्त आपले हात.

सरांच्या दाराबाहेर मी तीन फेऱ्या मारल्या. (अडीच. तिसरीत त्यांनीच दार उघडलं.) ते व्याख्यानाचे कागद मोठ्याने वाचून बघत होते. मी सगळं सांगितलं: यंत्र, ज्योत, झाकणं. यंत्रबाईंचं खराब स्फटिकाचं बोलणं सांगितलं नाही, ते त्यांनी मायेने म्हटलं होतं. सरांनी चष्मा काढला आणि एकच प्रश्न विचारला.

"लेबल कुणी लावलं होतं?"

"मी."

ते बराच वेळ कागदांच्या कडा जुळवत बसले. त्या जुळलेल्याच होत्या. मग म्हणाले, म्हणजे पोटॅशियम उडतो आणि सोडियम करपतो. ज्याचे पाय उघडे राहतील म्हणत होतो त्यालाच फ्लोरिननी नीट पांघरूण घातलंय. म्हणजे तीस वर्षं मीही उलटंच झाकण लावून बसलो होतो की. आणि ते हसले. हसू आलं म्हणून नव्हे, मला तिथून उठून जाता यावं म्हणून. व्याख्यान त्यांनी रद्द केलं नाही. गेल्या आठवड्यात उभं राहून वीस मिनिटांत सांगून टाकलं की आपलं म्हणणं चुकीचं निघालं, आणि ते जिच्यामुळे कळलं ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. टाळ्या झाल्या. मी मान खाली घातली तर कोटाचं बटण नसलेलं काज दिसलं आणि मला रडू आलं. लोकांना वाटलं सरांमुळे. सर आता खोली आवरताहेत. जुन्या बाटल्या एकेक काढून झाकणावरची लेबलं खरवडतात आणि अंगावर चिकटवतात, मग त्या बाटल्या फेकून देतात. मी मदत करू का विचारलं, तर म्हणाले, डिंक धर.

इथली हकीकत एवढीच. घरातल्या सगळ्या मोठ्यांना नमस्कार. माझ्याहून लहान घरात कुणी नाही, तेव्हा आशीर्वाद माझ्याकडे पडून आहेत, लागतील तेव्हा मागावेत.

तुमची,
दीडबाही

ता. क. मला शिंपीकाकांकडून दुसरा कोट शिवून हवा आहे. मापं त्यांनाच वेगळ्या पत्राने आजच पाठवते. बाह्या जशा होतील तशा होऊ द्या.

ता. क. दुसरी. हे आत्याने वाचू नये. तुम्ही स्वतः भिंगातून वाचा, म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. सरांनी तो प्रश्न विचारला तेव्हा मला तुमचं टेबल दिसलं. मी आठ वर्षांची होते. लेबलं मी लिहायची आणि डिंकाने मीच चिकटवायची, गोल डब्यांच्या झाकणांवर, कारण गोलावर गोल शोभून दिसतं. एक डोळ्याचं मलम आणि एक गजकर्णाचं, दोन्ही पिवळट. कुठलं जास्त पिवळं ते बघायला मी दोन्ही डब्या एकदम उघडल्या होत्या. हे मी विसरले नव्हते; त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं, इतकंच. नंतर एका दुपारी तुम्ही शिंपीकाकांनी परत आणून दिलेली डबी आणि तिची जोडीची डबी घेऊन बसलात. बोटावर मलम घेऊन वास घेतलात, मग झाकणांकडे पाहिलंत, आणि मग माझ्याकडे. मग म्हणालात, "आजपासून लेबलं पुरे. आता पाढे घेऊ." आणि उठता उठता, लेबल अंगाला लावायचं, झाकणाला नाही. त्याच आठवड्यात तुम्ही दवाखाना सोडलात. डॉक्टरांनी तुम्हाला सरांचाच प्रश्न विचारला असणार. तुम्ही काय उत्तर दिलंत ते सोळा वर्षं गल्लीला ठाऊक आहे. आजोबा, मला सुट्टीत येऊन शिंपीकाकांना सांगायचं आहे. तुम्ही रोज जिथे न बोलता बसता तिथे मला एकदा तुमच्या शेजारी बसून बोलू द्या. तुमचं हो आल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही. पण हो म्हणा.

ता. क. तिसरी. मापांचं पत्र आणि हे पत्र टेबलावर शेजारी शेजारी आहेत. पाकिटं दोन, दोन्ही पांढरी. पत्ते आधी लिहिले आहेत, पाकिटांच्या अंगावर. एका वेळी एकच पाकीट उघडं ठेवीन आणि तीनदा बघून बंद करीन. तरी माझे हात मला माहीत आहेत. आजोबा, तुम्हाला छातीचं आणि बाहीचं माप मिळालं असेल, तर हे तुम्ही वाचत नाही आहात. तसं असेल तर, शिंपीकाका, नमस्कार. दोन्ही डब्या मी उघडल्या होत्या. आजोबांची नजर चांगली होती.